गर्दीतला बारावा माणूस

एक

वीरभद्रप्पा तळ्यात बुडाला त्याला आज बारा दिवस झाले होते, आणि त्याच्या पिशवीतली चित्रं एकेक करून परत येत होती.

नव्या पेठेतल्या मल्लप्पाच्या छापखान्याचं दार सकाळी उघडावं, तर फळीच्या फटीतून आत सरकवलेलं वर्तमानपत्राचं एक भेंडोळं. आत दोन पानं, कधी तीन. वीरभद्रप्पा नाहीसा झाला त्या संध्याकाळी ही पानं नुसती पेन्सिलीची होती. मल्लप्पानं स्वतः ती त्याच्या कापडी पिशवीत घातली होती. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायरीवर त्याच्या चपला मिळाल्या. माणूस नाही, पिशवी नाही. आणि आता त्याच पेन्सिलीवर काळी शाई चढून पानं येत होती.

धोंडीरामबुवा कीर्तनाला उभे राहायचे तेव्हा देवळात हजार माणूस श्वास धरून ऐकायचं. यमदूतांचं वर्णन करताना त्यांचा आवाज असा खाली जायचा, की बायका पोरांना पोटाशी धरायच्या. पण बुवा स्वतः मुळात भित्रा माणूस. संध्याकाळी परसात जायचं तर नामस्मरण करत जाणारे. मल्लप्पानं त्यांना बोलावून घेतलं आणि आजवरची तिन्ही भेंडोळी पुढं ठेवली, तेव्हा त्यांनी आधी खांद्यावरचं उपरणं नीट केलं, मग हात पुढं केला.

चित्रं त्यांच्याच आख्यानाची होती. गेली बारा-तेरा वर्षं असंच चाललं होतं. बुवांनी आख्यान लिहावं, चन्नवीरनं पेन्सिलीनं चित्रं काढावीत, वीरभद्रप्पानं त्यावर शाई करावी, मल्लप्पानं पुस्तिका छापावी आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ती विकावी. यंदा, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या यात्रेला, एका भक्त विणकराची कथा होती. देवासाठी विणलेलं वस्त्र त्यानंच चोरलं असा आळ गावानं त्याच्यावर घेतला होता.

"ह्या गर्दीतली माणसं मोजा, बुवा," मल्लप्पा म्हणाला.

बुवांनी बोट ठेवत मोजली. बारा.

"चन्नवीरनं अकरा काढली होती. मी पेन्सिलीचं पान बघितलंय की. बारावं कोण ते बघा."

मागच्या रांगेत, खांबाला लागून एक माणूस उभा होता. डोक्याला पटका, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डाव्या कानाची पाळी लहानपणी तुटलेली. वीरभद्रप्पा. चेहरा हुबेहूब, फक्त डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी कोरा कागद.

"पहिल्या खेपेला लई मागं होता. दुसऱ्या खेपेला असा, खांबापाशी. आणि हे आजचं." मल्लप्पानं तिसऱ्या भेंडोळ्यातलं पान काढलं. "आज पार पुढं आलाय, दारात. आणि बुवा, त्याच्या हातात दोरी हाय."

दोन

चन्नवीरला फौजदारसाहेब घेऊनच आले. बेड्या नव्हत्या, पण चन्नवीर चालत होता तो बेड्या असल्यासारखाच. दहा दिवस त्याला रोज चौकीवर बोलावत होते.

"बुवा, तुम्ही भले माणूस, म्हणून सांगतो," फौजदार म्हणाले. "हे भूत वगैरे तुमच्या कीर्तनात ठेवा. पिशवी ज्याच्याकडं आहे त्यानं माणूस मारला. पानं रंगवतोय तोही तोच, मयत जिवंत वाटावा म्हणून. आता ह्या गावात अशी चित्रं येतात कुणाला?" त्यांनी चन्नवीरकडं बघितलंही नाही. "उद्या सकाळी अटक दाखवणार. वरून पत्र आलंय."

"भांडण झालं होतं ना तुमचं?" बुवांनी चन्नवीरला विचारलं.

"झालं होतं. इथंच, ह्याच टेबलापाशी. लपवू कशाला?" चन्नवीरचा आवाज बसला होता. "मी म्हणालो, माझी चित्रं तू मारून टाकलीस. वर्ष झालं बघतोय. पूर्वी त्याच्या कुंचल्याखाली माझी पेन्सिल जिवंत व्हायची. आता कपडा बघा, लाकडाचा वाटतो. मी म्हणालो, हा तुझा हातच नव्हे. त्यानं पिशवी उचलली आणि गेला. मी मागं गेलो, तळ्याच्या वाटेपर्यंत. माफी मागायला. पण लाज वाटली, परत फिरलो."

"तेवढंच लोकांनी बघितलं," फौजदार म्हणाले. "मागं जाताना."

"हे पान बघितलंस?" बुवांनी दोरीवाला चेहरा दाखवला.

चन्नवीरनं तोंड फिरवलं. "तो मलाच दाखवतोय ती दोरी. फाशीची. मी शब्दानं मारला त्याला, बुवा. साहेब म्हणतात ते खोटं कुठंय?"

चन्नवीरची बायको दाक्षायणी सातव्या महिन्यात होती. फौजदार चन्नवीरला घेऊन निघाले, तेव्हा ती छापखान्यासमोरच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली बुवांना दिसली. तिनं बुवांकडं नुसतं बघितलं.

"साहेब," बुवा एकदम म्हणाले, "ही शाई चन्नवीरची नाही असं दाखवलं तर?"

"तर ती कुणाची तेही दाखवावं लागेल. उद्या सकाळपर्यंत."

तीन

भवानी पेठेतल्या त्या बोळात मागांची खडखड दिवसभर चालायची. वीरभद्रप्पाच्या घरात मात्र शांत होतं. त्याची बायको बसव्वा हिनं दार अर्धंच उघडलं, बुवांना बघून थबकली, मग बाजूला सरली.

"या की बुवा. बसा. च्या ठेवते."

कपाळावर कुंकू तसंच होतं, हातात बांगड्याही. बुवांची नजर तिकडं गेलेली तिला कळली.

"माणूस गावला न्हाय अजून," ती म्हणाली. "मग कुंकू कशाला पुसू?"

खिडकीखाली पाटावर तिचं काम मांडलेलं होतं. चादरीच्या कारखान्यांसाठी ती नक्षीचे कागद भरायची, बारीक चौकटी आखलेले. कोणत्या चौकटीत रंग आणि कोणती कोरी, ते मोजून मोजून. त्यावरूनच मागावर मोर उमटतो, कमळ उमटतं. लग्नाआधीपासून तिचा हाच धंदा.

"पानं येतायत ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"लोक बोलत्यात."

"उद्या चन्नवीरला धरणार."

बसव्वा कपबशी घेऊन येता येता थांबली. तिनं ती खाली ठेवली. "धरणार म्हंजे? दहा दिस झालं बोलावून सोडत्यात की."

"उद्या सोडणार नाहीत."

तेवढ्यात आतून आवाज आला. भिंतीला काहीतरी घासत गेल्यासारखा. सावकाश. थांबत, पुन्हा घासत. बुवांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं. मनातल्या मनात त्यांनी नाम सुरू केलं.

"उंदीर," बसव्वा म्हणाली, जरा मोठ्यानंच. "लई झाल्यात."

आवाज थांबला.

बुवांनी चहा कसातरी संपवला. उठताना त्यांचा हात कशाला तरी लागला. मधल्या खोलीच्या दारातून मागच्या न्हाणीपर्यंत भिंतीलगत एक सुतळी ताणून बांधली होती. कपडे वाळत घालायची म्हणावी, तर कमरेइतक्याच उंचीवर, आणि तिच्यावर एकही कपडा नव्हता. हाताला ती तेलकट, गुळगुळीत लागली.

बोळात आल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं. दार बंद झालं होतं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर पुन्हा तेच घासणं.

चार

घरी येऊन बुवांनी ओटीवर तेरा पुस्तिका ओळीनं मांडल्या, एकसष्टपासूनच्या. खाली त्यांची रोजची चादर अंथरलेली होती. ऊन चांगलं लख्ख होतं, तरी त्यांनी आतलं दार उघडं ठेवलं, घरातली माणसं दिसावीत म्हणून.

चित्रकलेतलं त्यांना काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट त्यांना कळत होती. चाळीस वर्षं कीर्तनात उभं राहून मागं तबल्याला कोण बसलंय हे ते न बघता सांगायचे. बोल तेच, ठेका तोच, पण हात वेगळा. एकजण समेवर येताना किंचित रेंगाळतो, दुसरा घाई करतो. आणि एकाच वादकाबरोबर दहा वर्षं उभं राहिलं, की कीर्तनकारही बदलतो. जिथं वादक भरून काढणार हे ठाऊक असतं, तिथं तो स्वतः गप्प राहतो.

शाईला हात असतोच की, बुवा म्हणाले, आणि बघत गेले.

पहिल्या पुस्तिकेत शाईही चन्नवीरचीच होती, वीरभद्रप्पा अजून आला नव्हता. टाकाची रेघ, बारीक, कोरडी, काळ्याला घाबरणारी. दुसरीपासून कुंचला सुरू झाला. रेघ भरायची, आटायची, पुन्हा भरायची. सुरवातीला वीरभद्रप्पानं सावल्या इतक्या ओतल्या होत्या की चन्नवीरची माणसं त्यात बुडून गेली होती. पुढं पुढं काळं आवरलं, पांढरं मोकळं झालं. सदुसष्टच्या सुमाराला दोघांचं असं जमलं, की कुणाची पेन्सिल आणि कुणाची शाई हे सांगता येऊ नये. तेव्हाच चन्नवीर एकदा हसत म्हणाला होता, "आता मी कपड्यावर घड्या काढतच नाही बुवा. एक रेघ ओढतो आणि सोडून देतो. पुढचं वीरू बघतो."

बुवा थांबले.

म्हणजे घड्या पेन्सिलीत नसतातच. घड्या पूर्ण शाईवाल्याच्या. हात ओळखायचा तर चेहऱ्यात नव्हे, घड्यांत बघायला हवं.

त्यांनी गेल्या वर्षीची पुस्तिका डोळ्यांजवळ घेतली. चेहरे कुंचल्याचे, वीरभद्रप्पाचे. पण धोतराच्या, पदराच्या घड्या वेगळ्या. सावली वळत नव्हती, पायऱ्या उतरत होती. आठ बारीक रेघा, मग मोकळी जागा, मग एक घर खाली सरकून पुन्हा आठ. पान उलटलं, पुन्हा आठ. लाकडासारखा कपडा. चन्नवीर ह्याच्यावरच चिडला होता.

मग त्यांनी मल्लप्पाकडून मागून आणलेल्या पानांतलं परवाचं पान बघितलं. आता चेहऱ्यांतही तेच. भरणारी रेघ कुठंच नाही. कुंचल्याचा मागमूस नाही.

वर्षभर दोन हात होते. बारा दिवसांपासून एकच.

बुवांनी पान खाली ठेवलं आणि त्यांची नजर चादरीवर गेली. पांढऱ्यावर निळं कमळ. पाकळीची कड वळत नव्हती, एकेक घर सरकत पायऱ्यांनी उतरत होती. त्यांनी बोटानं मोजलं. आठच घरं, बसव्वाच्या नक्षीच्या कागदावरची.

आणि त्याच क्षणी त्यांना ती सुतळी आठवली. तेलकट, कमरेइतक्या उंचीची. त्यांनी झटकन दोरीवालं चित्र उचललं. बिनडोळ्यांच्या माणसाची दोरी गळ्याकडं जात नव्हती. त्याच्या कमरेपासून निघून ती दाराच्या आत, अंधारात कुठंतरी गेली होती. मूठ तिच्यावर अशी होती, जशी रस्ता शोधणाऱ्याची असते.

"पांडुरंगा," बुवा म्हणाले. "हे भूत नव्हे. हे पत्र आहे."

पाच

ह्या वेळी त्यांनी कडी वाजवली नाही. दारापाशी उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "बसव्वा, मी एकटाच आलोय. वीरभद्रप्पांना सांगा, धोंडीराम आलाय. दिसत नसलं तरी माझा आवाज ओळखतील."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते घासणं सुरू झालं. भिंतीला धरून, सुतळीवर हात सरकवत कुणीतरी येत होतं. बुवांना ठाऊक होतं आत कोण आहे, तरी पाय मागं सरकले. दार उघडलं. पटका, तुटकी पाळी, भस्माचे पट्टे. डोळे होते, पण ते बुवांच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत होते. तापानं चेहरा ओढला होता.

"बुवा," वीरभद्रप्पा म्हणाला. "कीर्तनाला आलो न्हाय मी. माफ करा."

बुवा उंबऱ्यावर बसले आणि रडले.

"वरीस झालं नजर जाऊन," बसव्वा सांगू लागली. "आतली शीर वाळली म्हणाले मिरजेचे डॉक्टर. चेहरे कसंबसं करायचे हे, कागदाला नाक लावून. कपडं मी भरायची. मला येतंय ते एकच, मोजून भरायचं. कुणाला कळू दिलं न्हाय. कळलं असतं तर काम गेलं असतं की ह्यांच्या हातातलं. मग त्या दिशी चन्नवीरअण्णा म्हणाले, हा तुझा हात न्हवं."

"आणि तळ्यावर?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं, आणि आवाज एकदम खाली आणला. "उशीर झाला म्हणून शोधत गेले. तर हे शेवटच्या पायरीवर, पाण्याशी वाकलेलं. ओढून घरी आणलं. सकाळी पोलीस आलं. जीव द्यायला गेलेल्या माणसाला आत टाकत्यात म्हणं, कायदाच हाय तसा. हे तापात. म्हणाले मी, बुडालं म्हणत्यात तर बुडू देत. पण मग अण्णांवर आलं. ह्यांना वाचवावं तर ते जात्यात. त्यांना वाचवावं तर हे. मला लिवता येत न्हाय, बुवा. जे येतंय तेच केलं. वाटलं अण्णा एकटे ओळखतील, बाकीच्यांना कळणार न्हाय. भाजीला जायची तवा फळीतून टाकून यायची पानं."

"सकाळी मीच आलो होतो की. मला का नाही सांगितलंत?"

"तुमी खोटं बोलत न्हाय. तुमाला सांगणं म्हंजे फौजदाराला सांगणंच."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्याच्यामुळंच बुवा आता भीतीनं गार झाले होते. चन्नवीरला सोडवायचं तर फौजदाराला इथं आणायलाच हवं. आणि आणलं, तर हा आंधळा माणूस तुरुंगात. उद्या सकाळी दोघांपैकी एक जाणार, आणि कोण ते आपल्या जिभेवर आहे.

ते कोपऱ्यातल्या कापडी पिशवीकडं बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "वीरभद्रप्पा, पानांवर पाण्याचा एक थेंब नाही. पिशवी तुम्ही वरच ठेवली होती. पण ह्या पानांवर तुमचा कुंचलाही नाही. कुठाय तो?"

"तळ्यात."

"कसा?"

"सोडला. सगळे कुंचले सोडले. झिजलेली मूर्ती सोडतो तसे." वीरभद्रप्पाच्या बोलण्यात नवल होतं, हे काय विचारायचं म्हणून. "ह्या हातानं आता कुणाची चित्रं बिघडवायची न्हाईत म्हणून. ओले झाले तर जड होऊन खाली जातील, म्हणून वाकून धरलं पाण्यात. चपला वर काढल्या होत्या, पाण्यात देवाचं काम म्हणून. परतताना पायरी गावंना. चाचपत होतो तर हिनं मागनं धरलं."

"पायरी शोधत होतात?" बसव्वाच्या तोंडून शब्द निघाला.

"मग काय शोधणार?"

"मला वाटलं तुमी…"

"मला कुणी इचारलंच न्हाय," वीरभद्रप्पा म्हणाला. "तू म्हणालीस पोलीस हुडकायलेत. मला वाटलं, तळ्यात कचरा टाकला म्हणून."

बसव्वा खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसू लागली. ते हसणं कधी रडण्यात गेलं ते बुवांना समजलं नाही.

सहा

फौजदारांनी संध्याकाळी छापखान्यात सगळं ऐकलं, दोनदा. वीरभद्रप्पाला उभं करून बोटं मोजायला लावली. मग बसव्वासमोर कोरा कागद ठेवला आणि पदराची घडी भरायला सांगितली. आठ रेघा, मोकळी जागा, एक घर खाली.

"दुसऱ्या दिवशी तळ्यात उतरवलेल्या कोळ्यानं एक कुंचला आणला होता," ते नाखुशीनंच म्हणाले. "आम्ही तो झटापटीत पडला असं लिहिलंय." त्यांनी टोपी घातली. "चपला उद्या न्या सही करून. पंचनाम्यात आहेत."

चन्नवीर दारात उभा होता, दाक्षायणी मागं. आत यायला त्याचे पाय धजत नव्हते. वीरभद्रप्पानंच त्या दिशेनं तोंड केलं.

"आलास? लांब का उभा?"

"तुला कसं कळलं?"

"श्वास ऐकू येतोय तुझा. म्हातारा झालास."

चन्नवीर आला आणि त्यानं मित्राचा हात धरला. मल्लप्पानं घसा खाकरला. यात्रेला सतरा दिवस राहिले होते.

"बुवा, गर्दीतला तो माणूस पांढऱ्या रंगानं पुसून टाकू का? भ्यायला होतंय बघून."

"पुसू नको," चन्नवीर म्हणाला. "बाराच होती माणसं. मीच अकरा काढली."

त्यानं ते दोरीचं पान पुढं ओढलं. कानावरची पेन्सिल काढली, दारातल्या अंधारात दोरी जिथं नाहीशी होत होती तिथं वाकला आणि काढू लागला. एक हात, काकण, पदराची एकच रेघ. घड्या काढल्या नाहीत. पान त्यानं बसव्वासमोर ठेवलं.

"घड्या तुम्ही बघा, वहिनी. मोजून भरा. ह्या कथेत विणकराच्याच घरचा पदर आहे, तो असाच पडणार. मला वर्षभर कळलं नाही."

बसव्वानं बोरू उचलला. पेन्सिल थांबलेली ऐकून वीरभद्रप्पानं मान वळवली.

"काय काढलंस रे?"

"दोरीचं दुसरं टोक," चन्नवीर म्हणाला.